निरोप्याचं स्टूल

“सिस्टर, मॅडमची तब्येत जरा जास्त हाये. येता काय?” गिरणीवाल्या प्रल्हादभाऊंचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. जानेफळच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ‘जास्त आहे’चा अर्थ मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे माणूस गेला असं फोनवर कोणी सांगत नाही. ‘जास्त आहे, निघा’ एवढंच सांगतात. बाकीचं दारासमोर जमलेली माणसं बघून ज्याचं त्याला कळतं. मी स्वतः किती जणांच्या लेकीसुनांना हे शब्द ऐकवले असतील... तरीही त्या सकाळी मी बी.पी.चं मशीन पिशवीत टाकलं, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या टाकल्या आणि वाटभर यशोधरावर चिडत निघाले. रात्रीची गोळी घेतली नसेल, लोणचं खाल्लं असेल, बरी झाली की चांगली झापते हिला, असं मनात चाललं होतं. तिच्या गल्लीत वळले आणि प्रल्हादभाऊंची गिरणी बंद दिसली. दळणाच्या ऐन वेळेला गिरणी बंद! तेव्हा हातातली पिशवी एकदम जड झाली.

यशोधरा इंगळे जाऊन आता काही आठवडे झाले. मेहकरच्या कॉलेजात तिने इंग्रजी शिकवलं, गावाला ती ‘मॅडम’ होती, मला मात्र शाळेतल्या बाकावरची यशोधरा. मी तिची सावली पकडून चालायचे, असं माझी अम्मी म्हणायची. तिला दोन वेडं होती. एक प्राचीन ग्रीकांच्या शोकांतिकांचं आणि दुसरं मनाच्या तळाशी काय साचलेलं असतं ते शोधणाऱ्या शास्त्राचं. ही दोन्ही वेडं तिने एकाच चुलीवर चढवली होती. दर रविवारी सकाळी तिच्या ओसरीवर आम्ही जमायचो. ती इंग्रजीतून वाचायची, तिथल्या तिथे आमच्या बोलीत करून सांगायची आणि मग एकेकाला एकेक पात्र वाटून द्यायची. वाटपाचा नियम तिचा स्वतःचा होता. ज्या पात्राचा राग येईल, तेच आपण वाचायचं. “राग येते ना? मंग तो तुह्यातच कुठीतरी बसेल हाये. वाच त्याले!” नवऱ्यावर सूड उगवायला पोटची पोरं मारणाऱ्या बाईला उलटं टांगलं पाहिजे, असं मी पहिल्याच दिवशी बोलून बसले आणि ती बाई कायमची माझ्या गळ्यात पडली. आठवडाभर लोकांची बाळंतपणं करायची आणि रविवारी पोरं मारायची, असा माझा संसार चालला होता. हसू येतं आता. पण त्या बाईचं बोलणं वाचताना एकदा मी खरोखरच मध्येच थांबले होते, आणि यशोधराने माझ्याकडे फक्त पाहिलं होतं. काही विचारलं नाही. ते न विचारणं मी अजून विसरलेले नाही.

ग्रीकांच्या रंगमंचाच्या मागे म्हणे एक मोठं दार असायचं, राजवाड्याचं. खून, फास, डोळे फोडून घेणं, जे काही भयंकर घडायचं ते त्या दाराआड. प्रेक्षकांना त्यातलं काहीही दिसायचं नाही. मग आतून एक निरोप्या यायचा आणि काय काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचा, एकही गोष्ट न गाळता. यशोधराचा सगळा जीव त्या निरोप्यात. “आपलं मन असंच असते, नसीम,” ती म्हणायची. “आत काय घडलं ते आपल्याले दिसत नाही. आतून कोनीतरी येते अन् सांगते. सपन येते, बोलता बोलता भलताच शब्द तोंडातून निसटते, काही कारण नसताना पाठ धरते. हे सारे निरोपेच हायेत. आपनच त्याइले हाकलून देतो.” मी म्हणायचे, पाठ धरते ती कॅल्शियम कमी झाल्यामुळे, गोळ्या लिहून देते. ती हसायची. पण निरोप्यासाठी तिने एक लाकडी स्टूल वेगळं ठेवलं होतं. ते ना घरात, ना ओसरीवर, बरोबर उंबऱ्याला लागून असायचं. ज्याच्या वाट्याला निरोप्या येईल त्याने त्यावर बसायचं. एरवी त्यावर कोणी बसलेलं तिला चालत नसे.

एका रविवारी हे काम प्रल्हादभाऊंकडे आलं. नाटकातली राणी आत गेलेली, दार लावून घेतलेलं, तिने गळफास घेतलेला, आणि निरोप्याने बाहेर येऊन सांगायचं की राणी मेली. यशोधराने त्यांना वाक्य समजावून दिलं होतं. भाऊ स्टुलावर बसले, घसा खाकरला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मंडळी, रानीसायबाची तब्येत जरा जास्त हाये... चला.” आम्ही पोट धरधरून हसलो. भाऊ बिचारे म्हणत राहिले, “आता असं एकदम कसं सांगाचं हो? घरचे लोकं बसेल हायेत ना समोर!” त्यांच्या दृष्टीने नाटकातल्या माणसांनाही धक्का बसू द्यायचा नव्हता. सगळे हसत होते, फक्त यशोधरा हसली नाही. पुस्तक मिटून ती आत गेली. तिच्या मागोमाग मी गेले, तेव्हा तिने मला मोसंब्यांची गोष्ट सांगितली. शाळेपासूनची मैत्रीण मी, पण ही गोष्ट माझ्यापासूनही तिने दाराआड ठेवली होती.

ती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, होस्टेलवर राहून शिकत होती. गावाहून चुलतभाऊ न्यायला आला. “आबा जरा जास्त हायेत, चाल.” मेहकरला गाडी थांबली तेव्हा ती उतरली, आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, रस देता येईल म्हणून मोसंब्या घेतल्या, चांगल्या पारखून, एकेक दाबून. भावाने तिला अडवलं नाही. तो पिशवी धरून शेजारी उभा राहिला. घरी आली तर अंगणात गाव जमलेलं. तिच्या हातातली पिशवी कोणीतरी काढून घेतली आणि अंत्यविधी चालू असताना मागच्या बाजूला लहान पोरांनी त्या मोसंब्या खाल्ल्या. “आबा गेले याचं दुःख हायेच,” ती मला म्हणाली, “पन मी मोसंब्या निवडत होती अन् साऱ्या गावाले ठाऊक होतं... मी एकटीच येडी.” पुढे इंग्रजीच्या अभ्यासात तिला तो निरोप्या भेटला. कोणीतरी आपल्याला मोठं माणूस समजून सरळ सांगतंय, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मोसंबी तिने त्यानंतर तोंडात घातली नाही.

इतकं सगळं कळलेल्या बाईने पुढे काय केलं ते आता लिहायचं आहे, आणि लिहिताना मला त्रास होतो आहे. तिचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. एका संध्याकाळी शाळेतून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं... मी धावत पोचले तोवर नाडी नव्हती. मुलगी उत्पला पुण्यात, नोकरीला नुकतीच लागलेली. यशोधराने फोन हातात घेतला. मी तिच्या शेजारी उभी होते. ही सरळ सांगणार याची मला इतकी खात्री होती, की मी मनातल्या मनात त्या पोरीला आधार देऊ लागले होते. यशोधरा म्हणाली, “उत्पल, बाबा जरा जास्त हायेत. निघ तू.” फोन ठेवला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू खोलीत तिसरं कोणी बोलून गेलं. “हे कोन बोललं वं, नसीम?”

उत्पला रस्ताभर फोन करत आली. कुठल्या मैत्रिणीचा भाऊ, त्याच्या ओळखीचा हृदयाचा डॉक्टर, असं जोडत जोडत तिने संभाजीनगरच्या एका दवाखान्यात बेड राखून ठेवायला लावला. रिक्षातून उतरली ती ओरडतच, “आई, बेड मिळालाय! गाडी काढायला सांग!” अंगणात पांढऱ्या कपड्यांत बसलेली माणसं तिला त्यानंतर दिसली. ती रडली नाही, किंचाळली नाही. आईसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “निरोप्या खोटं बोलला तर त्याला काय म्हणायचं, आई? तूच सांग.” त्याच ओसरीवर वाढलेली पोर ती. घाव कुठे घालायचा ते तिला नेमकं माहीत होतं.

गेलेल्यासाठीचं पुण्यानुमोदन झालं, उत्पला परत गेली, आणि मायलेकींमध्ये एक कोरडेपणा येऊन बसला तो कायमचा. फोन व्हायचे. “बरी आहेस?” “बरी आहे.” औषधं वेळेवर यायची, दिवाळीला साडी यायची, पोरगी मात्र क्वचित यायची. यशोधरा अजूनच पुस्तकांत शिरली. ग्रीकांच्या नाटकात एखाद्या घराण्याला शाप असतो, आजाने केलेलं बापाच्या, बापाने केलेलं मुलाच्या हातून पुन्हा घडतं, ते ती पुन्हा पुन्हा वाचायला लागली. “शाप म्हंजे काय, तर आपन जे दाराआड ढकललं ते पोराबाळाइच्या आंगावर जाते. मह्यावर झालं तेच मी तिच्यावर केलं. शास्त्रात याले नाव हाये.” मला राग आला. “नाव असू दे! तुह्या शास्त्रात माफी मागाचा धडा नाही का?” तर ती शांतपणे म्हणाली, “माफी मागतली तर ती देईन, नसीम. मोठ्या मनाची हाये. अन् मंग जे आत हाये ते तसंच आत ढकलून देईन, मह्यासारखं. त्यापरीस चिडेल हाये तेच बरं.” हे शहाणपण होतं की माफी मागायची हिंमत नाही म्हणून शोधलेली पळवाट होती? मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. कधी कधी वाटतं, खोल जाण्याच्या नादात माणसाला वरचं साधं दारही सापडेनासं होतं.

शेवटच्या वर्षात तिचं हृदय थकलं. पाय सुजायचे, जिना चढवत नव्हता. उत्पला येऊन डॉक्टरांना भेटून गेली, गोळ्यांचे डबे लावून गेली, सगळं अगदी चोख, आणि तसंच कोरडं. त्याच सुमाराला यशोधराला एक स्वप्न वारंवार पडायला लागलं. दार वाजतंय, बाहेर कोणीतरी निरोप घेऊन आलंय आणि आतून कडी काही केल्या निघत नाही. “झोपाच्या आधी भजे खाऊ नको,” मी म्हणाले. ती हसली, मग माझा हात धरला. तिचे हात कधी नव्हे ते गार लागले. “मह्या वेळेले उत्पलले तू सांगशीन. सरळ सांगशीन. ‘जास्त हाये’ म्हनाचं नाही. कबूल?” मी कबूल म्हणाले. नोकरीभर जे मी कधी केलं नव्हतं, ते मला करायचं होतं.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा प्रल्हादभाऊ ओसरीच्या पायरीवर बसलेले होते. मला बघून उठायला गेले आणि पुन्हा बसले. “सिस्टर, तुमाले फोनवर सांगता नाही आलं मले... नाटकातबी जमलं नव्हतं.” मी आत गेले. जे बघायचं ते बघितलं, तिचे डोळे मिटले, चादर घातली. मग उंबऱ्यावरच्या स्टुलावर बसून उत्पलाला फोन लावला. “उत्पल, मी नसीम मावशी. तुझी आई गेली. आज पहाटे, घरीच.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. पुन्हा एक झाली. मग उत्पलाचा आवाज आला, अगदी लहानपणचा, “मावशी... गाडीत बसेपर्यंत तरी ‘जास्त आहे’ म्हणायचं ना गं.”

संध्याकाळी ती आली. अंगणात जमलेल्या माणसांकडे तिने पाहिलंही नाही, तिला त्यांच्याकडून काही कळून घ्यायचं नव्हतं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, आम्ही यशोधराला निरोप दिला. परत आल्यावर उत्पला माझ्या शेजारी बसली आणि एकटक समोर बघत बोलायला लागली. “बाबांच्या वेळी मी बेड शोधत आले, मावशी. सगळ्या रस्त्याने काहीतरी करत होते. या वेळी करायला काहीच नव्हतं. नुसती खिडकीतून बघत आले. बाहेर सोयाबीनची शेतं, जालन्याचा स्टँड, चहा पिणारी माणसं... आणि माझी आई मेलेली. प्रत्येक गावाला मेलेली. आईने मला तेव्हा एक रस्ता दिला होता. त्या रस्त्यावर बाबा जिवंत होते. आणि मी तोच घेऊन तिला इतकी वर्षं मारत राहिले.” मी तिला जवळ घेतलं. यशोधराला दिलेला शब्द मी पाळला आणि त्यापायी तिच्या लेकीने तो सगळा रस्ता एकटीने सोसला. मला तर प्रल्हादभाऊंनी माझ्या घरापासून गिरणीच्या कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिला होता. तेवढ्या वाटेत यशोधरा जिवंत होती, मी तिच्यावर चिडू शकत होते. आणि त्या मोसंब्या? त्या निवडताना आबाही जिवंतच होते की. हे आमच्या विदुषीला कधी दिसलं नव्हतं का... की दिसलं होतं, आणि म्हणूनच लेकीला फोन करताना तिच्या तोंडून आपसूक ते शब्द निघाले? विचारायला आता ती नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

नंतरच्या रविवारी वाचनाची मंडळी न बोलावता आली आणि सवयीने आपापल्या जागी बसली. पुस्तक कोणी उघडलं नाही. गर्दीत कोणीतरी ते स्टूल आतल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. उत्पला उठली, ते उचलून आणलं, उंबऱ्याला लागून ठेवलं आणि मला म्हणाली, “मावशी, बस. आता मला कुठे पोचायचं नाही. आता सांग. पहिल्यापासून, काही न गाळता.” मी बसले. आमच्या नोकरीत आणखी एक वाक्य असतं, नातेवाइकांसाठी नेहमी तयार ठेवलेलं. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. ते माझ्या ओठांवर आलं होतं. समोर प्रल्हादभाऊ खाली मान घालून बसले होते. त्यांना ठाऊक होतं मला काय सांगायचं आहे, कारण आत पहिलं पाऊल त्यांनी टाकलं होतं.

“झोपेत गेली का गं?” उत्पलाने विचारलं. मी म्हणाले, नाही. पहाटे कधीतरी ती उठली. श्वास लागला असणार. तांब्यातलं पाणी प्यायली, थोडं सांडलं, ते जमिनीवर तसंच होतं. एक चप्पल पलंगापाशी होती आणि एक तिच्या पायात. भिंतीला धरत धरत ती दारापर्यंत आली. भाऊ दुधाची पिशवी तशीच टांगलेली बघून आले आणि दार ढकललं तर दार उघडेना. त्यांना वाटलं कडी लावलेली आहे. पण कडी काढलेली होती, उत्पल. ती दाराला पाठ टेकून बसली होती, म्हणून दार अडलं होतं; भाऊंनी ते हळूहळू रेटून उघडलं. कडी तिने काढून ठेवली होती. मग मी तिला ते स्वप्नही सांगितलं, भज्यांच्या चेष्टेसकट. भाऊंनी डोळ्यांना उपरणं लावलं. उत्पला उठून दारापाशी गेली, कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि मग तिथेच, आई बसली होती तशी, दाराला पाठ टेकून खाली बसली. आणि इतक्या वर्षांनी रडली, बाबांसाठीसुद्धा.

घराची किल्ली आता माझ्याकडे आहे. रविवारी मी जाऊन दार उघडते, झाडांना पाणी घालते. मंडळी येतात, कधी वाचतो, कधी नुसते बसतो. स्टूल उंबऱ्यालाच आहे. त्याच वेळेला पुण्याहून उत्पलाचा फोन येतो. बरी आहेस का, असं ती विचारत नाही. म्हणते, “मावशी, बसलीस का स्टुलावर? सांग.” गेल्या रविवारी मी तिला सांगितलं की तुझ्या आईच्या कपाटाला वाळवी लागली आहे आणि वरच्या खणातली निम्मी पुस्तकं गेली. ती म्हणाली, “बरं. आता खालच्या खणाचं सांग.”